सहा पोरं, एक संबळ आणि २६९ चौरस फूट

थोडं लांबलंय. पण पूर्ण वाचा, शेवटी कामाचं आहे.

मागच्या आठवड्यात मी इथं चार फोटो टाकले होते. डिप्लोमाची सहा पोरं, सिमेंटने माखलेली, आणि मागे लिंटलपर्यंत आलेली भिंत. लाईक भरपूर आले, आणि दोन प्रश्नही आले. एकाने लिहिलं, "या पोरांना ओळंबा धरता येत नाही आणि त्यांच्याकडून गरिबाचं घर बांधून घेता? उद्या पडलं तर जबाबदार कोण?" दुसऱ्याने लिहिलं, "कलावंताला वेगळं घर कशाला? घरकुल सगळ्यांना सारखंच असतं." दोघंही आपल्याच तालुक्यातले, दोघंही भले माणूस. प्रश्नही बरोबर आहेत. कमेंटमध्ये दोन ओळीत उत्तर देण्यासारखे नव्हते, म्हणून हा लेख.

आधी जरा लांबून सुरुवात करतो.

अमेरिकेत अलाबामा नावाचं राज्य आहे. तिथला हेल काउंटी हा भाग म्हणजे एकेकाळचा कापसाचा पट्टा. काळी माती, गुलामगिरीचा इतिहास, आणि कापूस गेल्यावर मागे राहिलेली गरिबी. वाचताना मला आपलीच आठवण होत होती, फक्त आपल्याकडे अजून सोयाबीन आहे. तिथल्या ऑबर्न विद्यापीठातले दोन प्राध्यापक, सॅम्युअल मॉकबी आणि डी. के. रूथ, यांनी १९९३ साली 'रूरल स्टुडिओ' सुरू केला. कल्पना साधी होती. आर्किटेक्चरच्या पोरांनी शहरातल्या वर्गात बसून काल्पनिक म्युझियमचे नकाशे काढण्यापेक्षा खेड्यात येऊन राहायचं, तिथल्या माणसाशी बोलायचं, त्याच्यासाठी घर काढायचं आणि ते स्वतःच्या हाताने बांधायचं. घर झालं की ते त्या कुटुंबाचं. मॉकबी स्वतः चित्रकार होता. २००१ च्या डिसेंबरात तो वारला, पण स्टुडिओ आजही चालू आहे.

पहिलं मोठं घर १९९४ चं. एक म्हातारं जोडपं, पदरात नातवंडं, आणि राहायला मोडकळीला आलेलं खोपट. पोरांनी गवताचे दाबून बांधलेले गठ्ठे विटांसारखे रचले, वरून गिलावा केला. आपण कडब्याच्या पेंढ्यांची गंजी लावतो तसं, पण आत माणूस राहणार. गठ्ठ्यांमुळे घर उन्हाळ्यात गार आणि थंडीत उबदार. पुढे मोठा ओटा, कारण म्हाताऱ्यांना ओटा पाहिजे होता. येणारा-जाणारा तिथंच बसतो. मागच्या अंगाला नातवंडांसाठी तीन गोल खोल्या. शेजारी एका विद्यार्थ्याने त्या आजोबांना मासे आणि मटण धुरी देऊन टिकवायला एक छोटी खोली बांधून दिली. मोडलेल्या काँक्रीटचे तुकडे आणि भिंतीत बसवलेल्या रंगीत बाटल्या. तिचा खर्च १४० डॉलर.

नंतरच्या काळात त्यांनी जुन्या शेवरोले गाड्यांच्या पुढच्या काचा आणून समाजमंदिर बांधलं, टाकाऊ कार्पेटच्या ७२ हजार चौकोनांच्या थप्प्या लावून एका घराची भिंत उभी केली. फोटो जगभर गेले.

आता इथं थांबून पहिल्या प्रश्नाकडे येतो. कारण हाच प्रश्न तिथंही विचारला गेला. गरिबाच्या घरावर प्रयोग कशाला? कार्पेटची भिंत श्रीमंताने बांधून घ्यावी की. आणि एक घर सुंदर झालं, बाकीच्या शंभर जणांचं काय? मला हा प्रश्न रास्त वाटतो. फोटोत चांगलं दिसणारं घर आणि तीस वर्षं राहता येणारं घर यात फरक असतो, हे आपल्या भागातल्या माणसाला कुणी शिकवायला नको. त्यावर पुन्हा येतोच.

स्टुडिओने या प्रश्नाला उत्तर दिलं ते मला जास्त आवडलं. मॉकबीनंतर अँड्र्यू फ्रिअर यांच्या हातात काम आलं, आणि २००५ पासून त्यांनी 'ट्वेंटी-के हाऊस' म्हणजे वीस हजार डॉलरचं घर हा उद्योग मांडला. वीस हजारच का? कारण सरकारी पेन्शनवर जगणारा म्हातारा माणूस महिन्याला जेवढा हप्ता फेडू शकतो, त्यावरून उलटा हिशोब लावला तर साधारण तेवढं कर्ज बसतं. म्हणजे आधी घर काढून मग किंमत नाही; आधी माणसाच्या खिशातलं बघायचं, मग घर काढायचं. त्यातले सुमारे बारा हजार सामानाला, उरलेले मजुरीला आणि ठेकेदाराच्या नफ्याला, कारण घर उद्या गावातल्या साध्या ठेकेदारालाही बांधता आलं पाहिजे. दरवर्षी पोरांची नवी तुकडी येते आणि आधीच्या तुकडीच्या घरातल्या चुका काढते. ओटा कुठं, वारा कुठून, म्हाताऱ्या माणसाला पायरी किती उंच. त्याच त्या छोट्या घरावर वर्षानुवर्षं डोकं लावणं. याला ग्लॅमर नाही. पण काम हेच.

२०१६ मध्ये यातली दोन घरं जॉर्जिया राज्यात सेरेनबी नावाच्या वस्तीत कलावंतांसाठी बांधली गेली. तिथं बाहेरून चित्रकार, लेखक काही आठवडे राहायला येतात, काम करतात. या वेळी पोरांनी नाही, बाहेरच्या ठेकेदाराने बांधली, म्हणजे नकाशा दुसऱ्याच्या हातात दिल्यावर काय होतं ते कळावं. कळलं ते असं की विटा-लाकडाची अडचण कमी, कागदाची जास्त. एवढ्या छोट्या रकमेचं कर्ज बँकेला परवडत नाही, कारण लहान कर्जाला कागद मोठ्या कर्जाएवढेच लागतात. बांधकामाचे नियम मोठ्या घरांचा विचार करून केलेले.

हे वाचलं तेव्हा मी एकटाच हसलो. अमेरिका असो की आपली ग्रामपंचायत, छोट्या घराचं दुखणं सारखंच.

आता मामांकडे येऊ.

नाव लिहीत नाही, त्यांनीच नको म्हटलंय. तालुक्यातल्या अर्ध्या लग्नघरांना ते माहीत आहेत. गोंधळी समाज, वय सत्तरीच्या आसपास, चाळीसेक वर्षं संबळ वाजवतात. लग्न झालं की गोंधळ घालायचा, नवरात्रात तुळजापूरला जायचं, उरलेल्या दिवसात जे मिळेल ते. ज्यांनी त्यांचा संबळ ऐकलाय त्यांना वेगळं सांगायला नको. पहाटे तीनला दिवटी धरून माणसं पेंगायला लागली की मामा असा काही हात फिरवतात की झोपलेलं लेकरूसुद्धा उठून बसतं. राज्य सरकारची ज्येष्ठ कलावंतांसाठी मानधन योजना आहे, २०२४ पासून महिन्याला पाच हजार रुपये. मामांचा अर्ज दोनदा गेला. पहिल्यांदा कार्यक्रमांचे पुरावे कमी पडले. आता रात्री तीन वाजताच्या गोंधळाचा पुरावा कोण देणार? लग्नपत्रिकेवर आहेराचं लिहितात, संबळवाल्याचं नाव कुणी छापत नाही. दुसरा अर्ज अजून विचाराधीन आहे.

घरकुल मात्र मंजूर झालं, मामींच्या नावाने. प्रधानमंत्री आवास योजना, ग्रामीण. सपाट भागाला १ लाख २० हजार, त्यावर राज्याने अलीकडे जाहीर केलेली भर, शौचालयाचे १२ हजार वेगळे आणि रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी. घराचा आकार किमान २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट. हा आकडा लक्षात ठेवा. भटक्या-विमुक्तांसाठीच्या यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजनेतही घर २६९ चौरस फुटांचंच आहे. शहरातले लोक इंग्रजी चॅनेलवर 'टायनी हाऊस' बघतात आणि कौतुक करतात. आपल्याकडे लाखो लोक त्याच मापाच्या घरात राहतात, त्याला फक्त कौतुकाचं नाव नाही.

आणि आपल्या भागाला छोट्या घराचा अनुभव आहेच की. ३० सप्टेंबर १९९३. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटं. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं. माझ्या वयाच्या माणसांना ती पहाट सांगावी लागत नाही. जाड दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचं जड माळवद, त्याखाली झोपलेली माणसं. नंतर पुनर्वसनात जमिनीवरून घरं ठरली. ज्याला जमीन नाही त्याला २५० चौरस फूट, थोडी जमीन असेल त्याला ४००, मोठ्या शेतकऱ्याला ७५०. घरं भक्कम होती, त्याबद्दल वाद नाही. पण सरळ रेषेत आखलेल्या रुंद रस्त्यांच्या त्या नव्या गावांत फिरून बघा. भाग आजही दिसतो: मूळ घर मधे, आणि त्याला चारी बाजूंनी माणसांनी स्वतः जोडलेला पत्रा, कूड, ओटा, गोठा. म्हणजे देणाऱ्याने काय विसरलं त्याची यादी लोकांनी स्वतःच्या खर्चाने लिहून ठेवलीय. म्हणून मी पत्रकारितेच्या पोरांना नेहमी सांगतो, सरकारी योजनेवर बातमी करायची तर उद्घाटनाला जाऊ नका, वीस वर्षांनी जा.

तर मामांचं घरकुल. पहिला हप्ता आला, जोतं झालं, आणि काम थांबलं. पुढचा हप्ता जिथून यायचा त्या कार्यालयात फोटो अपलोड झाला नाही म्हणून, मग झाला पण दुसऱ्याच घराचा झाला म्हणून, मग सर्व्हर म्हणून. गवंडी वाट बघून दुसऱ्या कामावर गेला. मामा-मामी जुन्या घराच्या उरलेल्या एका खणात, वर ताडपत्री. मागच्या पावसाळ्यात संबळाचं कातडं सादळून पडलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: कातड्याच्या वाद्याला ओल लागली की ते ढिलं पडतं, आवाज बसतो. वाजवण्याआधी जाळावर शेकून घ्यावं लागतं. शेकून शेकून कातडं जळतं, मग नवं चढवायचं, त्याला पैसे. मामी म्हणाल्या, "माणसं भिजली तर पुसता येतंय. ह्येला काय करायचं?"

आपल्या जवळच्या एका कॉलेजात सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला एक सर शिकवतात. शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट असतो. तुम्हाला माहीत असेल प्रोजेक्ट कसा होतो: मागच्या वर्षीची फाईल, नवं कव्हर, तीन स्पायरल बायंडिंग. पोरं काँक्रीटचे क्यूब भरतात, सात दिवसांनी आणि अठ्ठावीस दिवसांनी मशीनमध्ये फोडतात, आकडा लिहितात. तीन वर्षं बांधकाम शिकून एकाही पोराने घर बांधलेलं नसतं. रूरल स्टुडिओचं मला या सरांनीच पहिल्यांदा सांगितलं. त्यांनी वर्गात त्याचे फोटो दाखवले होते. मी त्यांना मामांचं जोतं दाखवलं. सरांनी सहा पोरं निवडली, चार मुलं, दोन मुली. कॉलेजने एका अटीवर परवानगी दिली: रविवारी, कॉलेजचं नाव न वापरता. (म्हणजे चांगलं झालं तर नंतर वापरतीलच. असो.)

पोरांनी पहिला नकाशा आणला तो बघण्यासारखा होता. कॉम्प्युटरवर काढलेला, रंगीत. पुढच्या भिंतीला गोल खिडकी आणि बाहेर वारली चित्रं. वर लिहिलेलं 'कलावंत निवास'. मामांनी तो कागद हातात घेतला, उलटा-सुलटा बघितला आणि म्हणाले, "ह्यो नाचणारा कोण हाय भिंतीवर?" वारली पालघरची, मामा मराठवाड्याचे. कला म्हटली की भिंतीवर वारली काढायची, ही खोड आपल्या सरकारी ऑफिसपासून बसस्टँडपर्यंत सगळ्यांना आहे, पोरांना काय बोल लावणार. सरांनी कागद परत घेतला आणि पोरांना सांगितलं, पुढचे दोन रविवार पेन्सिल आणायची नाही. नुसतं इथं येऊन बसायचं.

ते दोन रविवार फार कामाचे झाले. पोरांना कळलं की मामांकडे दुपारी गल्लीतली चार-पाच लेकरं संबळ शिकायला येतात, फी नाही, शिस्त भरपूर. कळलं की मामींचे गुडघे गेलेत, दोन पायऱ्या त्यांना डोंगर आहेत. गोंधळाचं सामान कुठं असतं तेही कळलं: दिवटी, संबळ, तुणतुणं, झांजा, अंगरखा, कवड्यांची माळ, सगळं एका लोखंडी पेटीत, आणि पेटी सगळ्यात कोरड्या जागी, म्हणजे दोघांच्या झोपण्याच्या जागेवर. माणसं पेटीच्या भोवती झोपायची.

दिल्लीच्या कठपुतली कॉलनीबद्दल मी पूर्वी वाचलं होतं, ते तेव्हा आठवलं. शादीपूरजवळ राजस्थानातून आलेले कळसूत्री बाहुलीवाले, जादूगार, डोंबारी यांची जुनी वस्ती. तिथं २००९ मध्ये इमारतींची योजना ठरली आणि २०१७ मध्ये वस्ती पाडली. माणसाला फ्लॅट मिळेल हो, पण मोठ्या बाहुल्या, ढोल, उंच काठ्या लिफ्टमधून कुठं न्यायच्या, तालीम कुठं करायची, हा त्या लोकांचा प्रश्न होता. कलावंताला वेगळं घर कशाला, असं ज्यांनी विचारलं त्यांना माझं उत्तर एवढंच: शेतकऱ्याच्या घराला गोठा लागतो, सुताराला पडवी लागते, तसं. लाड म्हणून नाही.

दुसरा नकाशा पोरांनी वहीच्या कागदावर काढला. २६९ चौरस फुटांत एक मोठी खोली, एक स्वयंपाकघर. न्हाणी-संडास मागे, पण दाराला लागून, पायरीऐवजी उतार. पुढे सोळा फूट लांब, सहा फूट रुंद ओटा. आणि सगळ्यात भारी गोष्ट मामांनी सांगितलेली: चुलीच्या मागच्या भिंतीला खोलीच्या बाजूने मोठा कोनाडा. मामी आजही गॅस जपून वापरतात, पाणी आणि भाकरी चुलीवर. चुलीची भिंत दिवसभर कोमट राहते. त्या कोनाड्यात संबळ. पावसाळ्यातही कातडं कोरडं, शेकायला नको. सरांनी मला नंतर सांगितलं की असा कोनाडा त्यांनी कुठल्या पुस्तकात बघितला नाही. मी म्हटलं, आजीच्या घरी बघितला असेल की, मिठाची बरणी तिथंच असायची.

आता 'पडलं तर जबाबदार कोण' याचं उत्तर. एका पोराला केरळातल्या लॉरी बेकरची रॅट-ट्रॅप भिंत करायची होती. विटा उभ्या लावायच्या, मधे पोकळी राहते, विटा चौथाईने वाचतात आणि घर गार राहतं. बेकर मोठा माणूस, ती भिंतही चांगली. पण सरांनी सरळ नाही म्हटलं. "आपण किल्लारीच्या पट्ट्यात आहोत. पहिलं घर आहे तुमचं. भरीव नऊ इंची भिंत, कोपऱ्यांत उभ्या सळया, आणि लिंटलला चारी बाजूंनी काँक्रीटचा पट्टा. बचत दुसरीकडे शोधा." पोरगा नाराज झाला. पण मला वाटतं त्या दिवशी तो इंजिनिअर व्हायला लागला. भूकंपात भिंती चार दिशांना सुटू नयेत म्हणून तो पट्टा असतो, पेटीला बाहेरून दोरी बांधावी तसा. आपल्या भागात आजही ठेकेदार पैसे वाचवायला फक्त दारा-खिडकीवर लिंटल टाकतात आणि मधे सोडून देतात. तुम्ही घर बांधत असाल तर आधी हे बघा, मग टाईल्स बघा.

कामावर एक अनुभवी गवंडी कायम होता, रोजावर, सरांच्या खिशातून आणि थोडं माझ्या. त्याच्याशिवाय एक वीटही लागली नाही. पहिल्या रविवारी पोरांनी रचलेले तीन थर त्याने संध्याकाळी शांतपणे काढून ठेवले. काही बोलला नाही. दुसऱ्या रविवारी पोरांनी पुन्हा रचले, त्यातला एक राहिला. दोन मुलींपैकी एकीचे वडील स्वतः गवंडी आहेत. तिने लहानपणापासून विटा वाहिल्या, सिमेंट कालवलं, पण थापी कधी हातात मिळाली नव्हती. बाईने थापी धरायची नाही असा आपल्याकडे न लिहिलेला नियम. बांधकामावर बायका आयुष्यभर घमेली वाहतात आणि रोज कमी घेतात, कारण त्या 'बिगारी'. या पोरीने धरलेला ओळंबा गवंड्याने तपासला आणि पुढे गेला. एवढंच. माझ्या सगळ्या फोटोंत मला तोच फोटो महत्त्वाचा वाटतो, आणि त्यालाच सगळ्यात कमी लाईक आहेत.

ओट्यावरून मात्र गाडी अडली. पाहणीला आलेले साहेब म्हणाले, नमुना नकाशात ओटा नाही, फोटोत वेगळं दिसेल, हप्ता अडकेल. सरांनी योजनेचं पुस्तक काढून दाखवलं की २५ चौरस मीटर हे किमान आहे. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी खालच्या आवाजात सांगितलं, "सर, तुमचं बरोबर आहे. पण मला एका दिवसात किती घरं बघायची असतात, ती एकसारखी असली की माझं काम होतं." सेरेनबीची गोष्ट मला इथं पुन्हा आठवली. शेवटी ठरलं की लिंटलचा फोटो आधी, ओटा नंतर. तसं केलं. फोटो गेला. त्याला आता दोन महिने झाले. हप्ता आलेला नाही.

आणि इथं खरी अडचण आहे, ज्यासाठी हे सगळं लिहिलं.

भिंती झाल्या. पट्टा झाला. कोनाडा झाला, मामांनी त्यात हळद-कुंकू वाहून घेतलं. छत राहिलंय. स्लॅब परवडत नाही, म्हणून वर पत्रा आणि खाली बांबूच्या तट्ट्यांचं अस्तर, मधे वीतभर जागा आणि दोन्ही टोकांना हवा जायला जाळी. नुसत्या पत्र्याखाली आपल्याकडच्या मे महिन्यात माणूस भाजून निघतो. तट्ट्या आल्यात. एका दुकानदाराने पत्रे उधारीवर दिलेत, हप्ता आल्यावर पैसे घेतो म्हणाला, नाव सांगू नको म्हणाला. लोखंडी पाईप कापून पडलेत. वेल्डिंग बाकी आहे.

आणि पोरांची परीक्षा संपली. हेल काउंटीतल्या पोरांबद्दल मला सगळ्यात जास्त कशाचं वाटलं असेल तर याचं: शेवटच्या वर्षाची पोरं पदवी मिळाल्यावरही घर पूर्ण होईपर्यंत तिथंच थांबतात. पगार नसतो. तरी महिनोन् महिने राहतात. आपल्या पोरांना मी थांबा म्हणू शकत नाही, म्हणणारही नाही. सहापैकी तिघांना चाकणच्या कंपन्यांचे फोन आलेत, त्यांच्या घरी कर्ज आहे. एकजण तर सिव्हिलचा डिप्लोमा घेऊन गाड्यांच्या कारखान्यात पॅकिंगला चाललाय. निघताना तो मामांच्या पाया पडला. मामा म्हणाले, "जा बाबा. घर काय पळून जायलंय का?" पोरगा रडला. गवंड्याची पोरगी, आणखी दोघं आणि सर, एवढे उरलेत. चार माणसांत वीस फुटी पाईप वर चढत नाहीत.

मृग आठ दिवसांवर आलाय. परवाच्या वळवाने पट्ट्यावर पाणी साचलं होतं, मामींनी कोनाड्यावर प्लास्टिक बांधलंय.

पैसे मागत नाहीये. खाते क्रमांक वगैरे विचारू नका, मामांना चालणार नाही. दोन गोष्टी पाहिजेत. एक, आपल्यापैकी ज्यांची त्या कार्यालयात ओळख आहे त्यांनी एक फोन करा. मेहेरबानी मागू नका, फक्त फाईल कोणाच्या टेबलावर आहे एवढं विचारा आणि मला कळवा, पुढचं मी बघतो. बातमी करायची वेळ आली तर तीही करीन, पण बातमीने छत पडत नाही, पत्र्याने पडतं. दोन, येत्या रविवारी सकाळी सहाला मामांच्या घरी दहा-बारा माणसं पाहिजेत. एक वेल्डिंग मशीन पाहिजे. आमच्याकडचं जनरेटरवर ओढत नाही. ज्यांनी पहिला प्रश्न विचारला ते आपले मित्र स्वतः बांधकाम ठेकेदार आहेत. त्यांनी यावं, भिंतीला ओळंबा लावून बघावा, आणि चूक दिसली तर तिथंच पोरांना सांगावी. मी हे मनापासून म्हणतोय, टोमणा नाही.

सहालाच या. दहानंतर पत्र्याला हात लावता येत नाही. हातमोजे असतील तर आणा. चहा आणि पोहे मामींकडे, त्यांनी आधीच सांगून ठेवलंय.